बाईंच्या गल्लीतले सहा कंदील

"सात," पालिकेच्या साहेबांनी उजेड मोजायच्या यंत्रावरचा आकडा वाचला. "हवेत पंधरा. मॅडम, निम्मासुद्धा भरला नाही."

तिला तोंडावर मॅडम म्हणायचं, पाठीमागे कंदीलवाली. हे नाव साहेबांनीच पाडलेलं. जुन्या चौकाला आणि त्याच्या दगडी गल्ल्यांना शोभतील असे दिवे मी घडवून देते, असं ती म्हणाली तेव्हा पालिकेचं अख्खं ऑफिस हसलं होतं. कंपनीचे तयार दिवे उद्या सांगितले तर परवा येतात, मग हिचे कंदील कशाला? एका गल्लीत सहा टांगून बघू, एवढंच अध्यक्षांनी कबूल केलं होतं. म्हणून आज दिवेलागणीला गल्लीतले जुने दिवे बंद ठेवून तिचे सहा लावले होते. जमले तर एकशे चाळीस. नाही तर हे सहाही उतरणार.

वर्षभर लेक निजली की तिने कागद पसरला होता. कल्पनाही लेकीचीच. संध्याकाळी कडेवर घेऊन निघालं की पोर दिव्याखाली डोळे घट्ट मिटून आईच्या खांद्यात तोंड खुपसायची. दिवा मागे पडला की मान वर. आठवडाभर तिने ते पाहिलं आणि कंदिलाला पत्र्याची खोल टोपी आखली. बल्ब टोपीत दडलेला, डोळ्याला दिसायचाच नाही. काचेतून उजेड उतरायचा तो भिंतींवर आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर. टोप्या ठोकून देणारे पत्रेवाले मामा म्हणाले होते, पोरी, तू दिवा लावतेयस की लपवतेयस?

साहेबांचं यंत्र मात्र जमिनीवर टेकवलेलं. नियमात तसंच होतं. तोंडाच्या उंचीला धरून तरी बघा, अशी तिने विनवणी केली. त्यावर ते म्हणाले, रस्ता काय तोंडाने चालायचा असतो?

तेवढ्यात कोपऱ्यावरचं दार उघडलं. बाई. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. गल्लीत अंधार आहे, अशी त्यांची तक्रार महिन्याच्या महिन्याला पालिकेत यायची. तीनदा मोठे बल्ब लावून झाले. तिन्ही वेळा बाईंनी वळणदार अक्षरात कळवलं की अंधार वाढला आहे. यांना सूर्य नेऊन दिला तरी काजवा म्हणतील, असं साहेब म्हणायचे. मग या साताच्या उजेडाला त्या काय म्हणतील, हे कोणी सांगायला नको होतं. अध्यक्ष तर निघायच्या तयारीत घड्याळाकडे बघू लागले.

बाई पायऱ्या उतरल्या. भिंतीला हात न लावता. चार पावलं आल्या, थांबल्या आणि साहेबांकडे निरखून पाहत राहिल्या.

"शेवटच्या बाकावरचा ना रे तू? भागाकारात बाकी लिहायला विसरणारा?"

साहेबांनी यंत्र जमिनीवरून उचललं. मग कितीतरी दिवस आत सलत असलेलं बाहेर पडलं. "पंधरा वर्षं रोज याच वेळी तुमच्या दारावरून जातो, बाई. नमस्कार करतो. तुम्ही कधी ओळख दाखवली नाहीत."

"रोज जातो तो तू होय?" बाई म्हणाल्या. "मला नुसता पांढरा झोत दिसायचा, बाळा. त्यात माणूस कुठला दिसायला?"

पलीकडून अध्यक्षांनी विचारलं, काय मग साहेब, किती लिहायचं?

साहेबांनी यंत्र खिशात टाकलं.

"उरलेले एकशे चौतीस कधी मिळतात, ते मॅडमना विचारून घ्या," ते म्हणाले. "आणि आकड्याच्या जागी लिहा, बाईंना मी दिसलो."