सगळ्यात जाड पाकीट

अशी कल्पना करा बाळांनो, की सुट्टीत तुम्ही आजी-आजोबांकडे राहायला गेला आहात. आजोबा जन्मभर घरोघरी विजेचे मीटर वाचून निवृत्त झालेले. तुम्ही खोलीबाहेर पाऊल टाकायचा अवकाश, की मागे दिवा बंद! आजी टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी कापते, साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवते. तुम्हाला काय वाटेल?

या गोष्टीतल्या नातीला जे वाटलं, ते तिने कुणालाच सांगितलं नाही. तीन दिवस ती अर्ध्या ताटावरून उठत राहिली. म्हणायची, "पोट भरलं."

चौथ्या दिवशी जेवताना आजीने तिच्या कपाळाला हात लावला. "अहो, पोर अन्नाला शिवत नाही. डॉक्टरांकडे नेऊ या."

"नको!" नात रडायलाच लागली. "तुमचे उरलेले पैसे संपतील."

आजोबा उठले आणि कपाटातला डबा घेऊन आले. आत वापरलेली जुनी पाकिटं होती, प्रत्येकात पैसे. त्यांवर लिहिलेलं: वीज, दूध, औषधं. सगळ्यात जाड पाकिटावर होतं, 'नात आली की'.

"अगं वेडाबाई, दिवे बंद करतो ते याच्यासाठी. आणि तू आम्हाला या पाकिटाला हातच लावू देईनास!"

"म्हणजे आजारी नाहीस ना गं तू?" आजीचा जीव भांड्यात पडला.

नातीने डोळे पुसले, ताट पुढे केलं आणि ती दोनदा मागून घेऊन जेवली. मग हात धुऊन आली. येताना मागचा दिवा बंद करून.