धोंडिरामची सोबत

दिवसभर डोंगर तुडवून सोलापूरची विजयमाला, तिच्या सात मैत्रिणी आणि शाळेच्या बाई माथ्यावरच्या धर्मशाळेत पोचल्या, तेव्हा दिवस कलला होता आणि एकीच्याही पायात परत उतरायचं त्राण नव्हतं.

राखणदार कोंडीबा दारातच आडवा आला. "संगं बाप्या माणूस कुटं हाय? नुसत्या बायांना खोली मिळत न्हाय."

बाईंचा चेहरा पडला. विजयमाला मात्र पुढं सरसावली. "आहे की मामा! धोंडिराम. सामान घेऊन मागून येतोय. दारू पीत नाही, मान वर करून बघतसुद्धा नाही!"

"लई गुणाचा गडी!" म्हणत कोंडीबानं वहीत नाव लिहिलं नि कुलूप काढलं.



घटकाभरानं नऊ वळकट्या पाठीवर घेऊन धोंडिराम आला, दोन्ही लांब कान टवकारले, आणि गाढवालाच जमेल अशा आवाजात त्यानं कोंडीबाला हजेरी दिली.