विचारलं तरच

पाळण्यातलं रबरी बाळ तोंड वासून रडत होतं, पण आवाज फुटत नव्हता. सुगंधाच्या गेलेल्या लेकीचा शेवटचा तास त्यात जसाच्या तसा भरला होता. नवे डॉक्टर त्यावरच शिकायचे. शेजारी आई म्हणून बसलेल्या सुगंधाला नियम एकच होता: विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही.

डॉ. निहारने छाती तपासली, सलाईन लावलं. ठोके घसरतच होते. अहो, मला विचारा ना! सुगंधा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. सकाळच्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं आणि लेक पुन्हा गेली होती.

निहार एकदम वळला. “ताई, तुमच्या जेवणात काय असतं?”

“बाळंत झाल्यापासून नुसता मऊ भात. सासूबाईंचं पथ्य,” ती एका दमात म्हणाली.

“म्हणजे तुमच्या दुधातून बाळाला बी-वन जीवनसत्त्व मिळालंच नाही, म्हणूनच आवाज गेलाय!” त्याने घाईघाईने थायमिनचं, म्हणजे त्याच बी-वनचं इंजेक्शन दिलं.

काही वेळाने बाळ खणखणीत रडलं. बऱ्या झालेल्या लेकीचा हा आवाज सुगंधाला फक्त इथेच ऐकायला मिळायचा. तिने पाळण्याकडे हात नेला.

“शाब्बास,” स्पीकरवरून शिकवणारे सर म्हणाले. “पुढचे डॉक्टर, या.”

तोच तास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला; बाळाचं तोंड उघडंच राहिलं, आवाज तेवढा गेला. सुगंधा ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसली.