वहीतलं नाव

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तशी वृषाली दचकली. गॅस बंद केला, पण नजर लॅपटॉपवरच होती. संशोधनाला अनुदान देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं होतं: "विहिरींतल्या पाण्याची रोजची मापं तुम्ही एकटीनं घेतली असणं शक्य नाही; गावात ती प्रत्यक्ष कुणी घेतली? नाव नसेल, तर शंका आल्यावर विचारायचं कुणाला? त्याशिवाय पुढचं अनुदान नाही."

छापील अहवालात तिनं बिनदिक्कत लिहिलं होतं, 'सर्व मापं लेखिकेची.' खरं तर चार वर्षं रोज गाठी मारलेली दोरी विहिरींत सोडून पाणी मोजलं होतं गावातल्या हौसाबाईंनी. मापांची वही देताना त्या हसल्या होत्या, "ताई, माझं अक्षर म्हंजी कोंबडीचे पाय. तुम्हीच नीट लिवून काढा."

तिनं सगळं नीट लिहून काढलं होतं, नाव तेवढं सोडून. आता खरं सांगितलं तर नोकरी जाणार. खोटं सांगितलं तर संस्थेचा माणूस गावात जाऊन विचारणार.

फरशीवर पालथी पडून पहिलीतली लेक हौसाबाईंची वही आणि अहवाल शेजारी ठेवून अक्षरं लावत होती.

"हौ-सा-बा-ई," तिनं वाचलं. "आई, वहीत रोज हे नाव आहे. तुझ्या पुस्तकात कुठंय?"