खेचत्या पाण्याचा धडा

ती फिल्म आजपासून बंद, असं वहिनीने दारातूनच सुनावलं आणि सासूला हाताला धरून पहिल्या बाकावर बसवलं.

धाकटा दीर फळा पुसत होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. सागरी शिक्षण केंद्राचा हा वर्ग त्याच्या एकट्याच्या ताब्यात होता. भिंतीवर भरती-ओहोटीचे तक्ते, कपाटात शंख-शिंपल्यांच्या पेट्या, काचेच्या बरण्यांत खेकडे आणि तारामासे. शाळांच्या सहली यायच्या, मुलं बरण्यांना नाकं लावून बघायची, आणि सगळ्यात शेवटी हा दिवे मालवून ती फिल्म लावायचा. फिल्ममध्ये त्याचा थोरला भाऊ बुडत होता.

आधी हा वर्ग थोरलाच घ्यायचा. मुलांसाठीच्या फिल्मसुद्धा तो आणि वहिनी मिळून करायचे. तो पाण्यात, ती काठावर कॅमेरा आणि बचावाचा दोर घेऊन, हा दोघांचा नियम. त्या दिवशी खेचतं पाणी दाखवायचं होतं. लाटांबरोबर काठाला आलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेने परत समुद्रात धावतं आणि माणसालाही ओढून नेतं. ती वाट दिसावी म्हणून पाण्यात हिरवा रंग सोडतात. रंग संपला. वहिनी दुसरी बाटली आणायला लांब लावलेल्या गाडीकडे गेली, कॅमेरा स्टँडवर चालूच राहिला, आणि थोरला नियम मोडून एकटाच पाण्यात उतरला. ती परतली तेव्हा काठावर फक्त कॅमेरा होता.

पोलिसांना तिने हेच सांगितलं, आणि त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं. सकाळी नवरा-बायकोचं वाजलं होतं म्हणे. पण कुठल्या घरात वाजत नाही?

पुढे पोलिसांनी कॅमेरा धाकट्याच्या हाती दिला. या पठ्ठ्याने काय करावं? त्यातला सुरुवातीचा तुकडा कापून त्याचा धडा बनवला. प्रवाहाच्या उलट हात मारून दमणारा भाऊ दाखवायचा आणि मुलांना सांगायचं, बघा, जाणता माणूससुद्धा घाबरला की हीच चूक करतो, तुम्ही काठाला समांतर पोहा. नातेवाइकांनी त्याच्या नावाने बोटं मोडली. आईने तर बोलणंच टाकलं, आणि ती फिल्म आहे तोवर माझ्या घराची पायरी चढू नकोस, असं बजावलं. म्हातारीचं औषधपाणी, उठबस, सगळं वहिनीच करत होती. अशी सून मिळायला नशीब लागतं, असं आई येईल-जाईल त्याला सांगायची.

केंद्राच्या संचालकांनी आता स्पष्टच सांगून टाकलं होतं. आईने स्वतः येऊन नको म्हटलं, तर धडाही जाईल आणि मूळ चित्रीकरणही पुसलं जाईल. म्हणून दोघी आल्या होत्या.

वहिनीने धाकट्याला चांगलंच फैलावर घेतलं. लाज आहे का, काळीज आहे का, सगळं विचारून झालं. तो फळा पुसतच राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "यामुळे मुलं वाचतात, वहिनी."

"मग दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ दाखवा."

आईने त्याच्याकडे पाहिलं. किती वाळला होता पोरगा. पण आवाज तिने कोरडाच ठेवला. "पुसून टाक ते," ती म्हणाली. "आणि मग घरी जेवायला ये."

"पुसतो. पण आधी तू एकदा बघ. मुलांना दाखवतो तेवढी नाही, सगळी. मग तू म्हणशील तसं."

"काही गरज नाही," वहिनी म्हणाली. "आई, तुम्हाला झेपायचं नाही. मला अजून धीर झालेला नाही, तर तुमची काय कथा! चला, उठा."

आई उठली नाही. "त्याच्या शेवटाला मी जवळ नव्हते," ती म्हणाली. "आता बसते."

वहिनीने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. धाकट्याने दिवे मालवले.

पाण्यात हिरवा पट्टा लांब धावत गेला. थोरला त्याच्याकडे बोट दाखवत कमरेएवढ्या पाण्यात उतरला, आणि बघता बघता त्याचे पाय सुटले. तो काठाकडे हात मारत राहिला. मुलांचा धडा इथे संपायचा.

फिल्म पुढे चालू राहिली. थोरला सावरला. दिशा बदलून काठाला समांतर पोहू लागला, अगदी शिकवायचा तसा. उजव्या कडेला दिसणारा काळा खडक हळूहळू मध्ये आला आणि डावीकडून निघून गेला. थोरला पडद्याच्या मधोमधच राहिला. मग त्याचे हात थकले. त्याने एक हात वर करून काठाकडे हलवला. बराच वेळ हलवला. चित्र एकदम जवळ आलं, चेहरा स्वच्छ दिसला. मग नुसतं पाणी.

वहिनी हुंदके देत होती. बंद करा भाऊजी, तुमच्या पाया पडते, असं म्हणत होती. आई रडली नाही. तिने शेवटचा भाग पुन्हा लावायला सांगितला. धाकट्याने लावला.

दिवे लागले. आईने आपला हात सुनेच्या हातांतून सोडवून घेतला. रोज गोळ्यांची आठवण करून देते त्याच आवाजात तिने विचारलं, "सूनबाई, तू तर गाडीकडे गेली होतीस ना? मग कॅमेरा त्याच्या मागे मागे कोण फिरवत होतं?"