चुकलेलं माप

एरवी दर गोळीनंतर हाताने खटका मागे ओढून पुढची गोळी भरावी लागणारी रायफल वापरणारा ऑरिन यंदा मोंटानातला अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये पुढची गोळी आपोआप भरणारी एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल घडवत बसला होता. तिच्या अक्रोडी दस्त्यावरून हात काढवत नसे.

"अहो, हिची झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी डावीकडे उडतेय!" बायको व्हर्ना म्हणाली. "तुम्ही उजव्या हाताचे. गरमागरम गालावर बसेल!"

ऑरिन नुसता हसला.

शिकारीचा मोसम सुरू झाला. आरागिरणीत उजवा हात गमावलेला शेजारी क्लेटन म्हणाला, "यंदा शिकार तुम्ही करा, मी फक्त कॉफी करीन."

ऑरिनने रायफल त्याच्या डाव्या खांद्याला लावली. "मापात चुकलो रे. माझ्या काही कामाची नाही ही. तूच ने."

व्हर्नाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं माप आजवर केसभरही चुकलं नव्हतं.

"मी सांगत होते, क्लेटन!" ती फणकारली. "ऐकतील तर शप्पथ!"