ओरणातलं अंडं

अंडं लाकडाचं निघालं.

कोल्ह्याला हुसकावायला गोडावणाची, म्हणजे माळढोकाची, मादी तरातरा उठली, तेव्हा तिच्याच पायानं अंडं घरंगळलं आणि दगडावर टक्क वाजलं. केर नावाच्या काटेरी झुडपाआडून बघत असलेली हंजा धावली. तिनं अंडं उचललं. रंग तोच, ठिपके तेच, आणि आत नुसतं लाकूड. तिनं ते होतं तिथं ठेवलं आणि मागं सरली. मादी परतली, अंगाखाली घेऊन अगदी जपून बसली. हंजाला रडूच फुटलं.

म्हणजे पक्ष्यांच्या पैदास केंद्रवाल्यांनी खरं अंडं गुपचूप नेलं. ते आता मशीनमध्ये उबणार, पिल्लू पिंजऱ्यात वाढणार, आणि ही आई लाकूड उबवत उन्हात बसणार. माताजीच्या ओरणातून, देवीच्या नावानं राखलेल्या या रानातून, वाळकी काडीसुद्धा कोणी चुलीला नेत नाही. यांनी हिच्या पोटचं नेलं.

पण जागा कळली कशी? हंजानं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. घरट्याला धक्का लागू नये म्हणून तिनं बकऱ्या पार पल्याडच्या खडकाळ रानात नेल्या. दूध आटलं, सासू रोज बोलायची, तरी हंजा गप्प. ठाऊक होतं फक्त धाकट्या जावेला, तीजाला. तिनंही ओरणची माती जिभेवर ठेवून शब्द दिला होता. आणि तीजाचा भाऊ केंद्राची गाडी चालवतो. आणखी काय पुरावा हवा?

त्याच संध्याकाळी सगळं घर जेवायला बसलं असताना हंजा म्हणाली, "तीजा, केसानं गळा कापलास. ओरणची माती खाऊन भावाला घरटं दाखवलंस."

तीजाचा भाकरी थापायचा हात थांबला. "भाभीसा, मी कुणाला काही बोलले नाही."

"मग काय पाखरू स्वतः सांगायला गेलं?"

माती खाऊन शब्द मोडणाऱ्याच्या हातचं त्या गावात कोणी खात नाही. सासऱ्यानं ताट दूर सारलं. मग हंजाच्या नवऱ्यानं सारलं, मग दिरानं, म्हणजे तीजाच्या स्वतःच्या नवऱ्यानं. तीजा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. सकाळच्या पहिल्या बसनं ती माहेरी गेली. हंजा दारात आली नाही. कोवळी पोर होती ती लग्न होऊन आली तेव्हा, बकरीची धार काढायला हंजानंच शिकवलं होतं. परक्यानं मारलं तर माणूस ओरडतं, घरच्यानं मारलं की आवाजच फुटत नाही.

दुपारी वनरक्षक खंगार फटफटी घेऊन ओरणात आला, मादी बसलीय का बघायला. हंजानं वाट अडवली.

"तीजाच्या भावाला काय बक्षीस दिलंत रे?"

"तो ड्रायव्हर? त्याला कशाचं बक्षीस?" खंगार गोंधळला. "अंडं म्हणता होय? काकी, राग मानू नका. इथं कोल्ह्यानं खाल्लं असतं. आधीच किती उरलेत हे पक्षी?"

"ते मला शिकवू नकोस. सांगितलं कुणी ते बोल. नाव घे."

"कुणीच नाही." त्यानं हात लांब करून सगळं ओरण दाखवलं. "पाऊस रुसलाय. बघा ना, बकऱ्यांनी मुळापर्यंत खरवडलंय सगळं. एकट्या या टेकाडाखाली गवत गुडघाभर उभं. सडकेवरून दिसत होतं. म्हटलं, ही तर हंजाकाकीच्या बकऱ्यांची बाजू. असल्या सालात काकी इथं चारत नाही, म्हणजे काहीतरी जपतेय."